धुण्याचा कातळ

मुनिरेचे डोळे हिरवे होते, कच्च्या अक्रोडाच्या सालीसारखे. आमच्या किनाऱ्यावर काळ्या डोळ्यांच्या बायका पुष्कळ, तपकिरी डोळ्यांच्या त्याहून पुष्कळ, पण हिरव्या डोळ्यांची दृष्ट लागते म्हणून माणसं त्यांच्यापासून जरा जपून असत. बाळंतिणीच्या खोलीत शिरताना मुनिरे उंबऱ्यापासूनच "माशाल्ला, माशाल्ला" असा गजर करत जायची, तेव्हा कुठे आतल्या सासवांचा जीव भांड्यात पडायचा. कुणाची गाय नुकती व्यायली असली तर ती वाट बदलून जायची. "मी मेले ना, की या गावात दूध नुसतं उतू जाईल बघ," असं मला म्हणायची आणि खळखळून हसायची. तिच्या त्या हसण्याला मी बरीच वर्षं फसले.

आमची भिंतीला भिंत. माझे यजमान वानच्या सरोवराकाठी, आदिलजेवाजच्या शाळेत मास्तर म्हणून आले आणि मी देशाच्या पार दुसऱ्या टोकाहून, इझमीरहून त्यांच्यामागे आले, तेव्हापासून मी गावाची मास्तरीणबाई. कॉलेजात शिकलेली, तंदुरात रोटी लावता न येणारी. ती मला मुनिरेनं शिकवली. माझा हात भाजला की ती आधी हसायची आणि मग मलम लावायची, हा क्रम कधी चुकला नाही. तिच्या दोन्ही मुली लग्न होऊन बुर्साला गेलेल्या. नवरा जेमशित अक्रोडाच्या बागा राखायचा आणि दिवसाला चार शब्द बोलायचा, त्यातले दोन कुत्र्याशी. घरात सत्ता सासूची, फेहिमे अनाची. अना म्हणजे आई. सगळा किनाराच तिला अना म्हणायचा.

या घरात मुनिरेचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, तिचा उजवा हात.

वानच्या सरोवराला आम्ही समुद्रच म्हणतो. पाणी सोड्याचं. लोकर धुवायला साबण लागत नाही. नुसती बुडवा, धोपाटण्यानं बडवा, ढगासारखी पांढरी होऊन वर येते. जून लागला की सगळ्या बायका गाद्या-उशा उसवून किनाऱ्यावर. पण आमच्या बाजूला किनारा चिखलाचा आणि टोचऱ्या खड्यांचा. पाण्यात उतरता सपाट जाणारा, स्वच्छ, गुडघाभर पाण्याचा कातळ एकच. त्या एका कातळासाठी पूर्वी म्हणे बायका धोपाटणी एकमेकींच्या डोक्यात घालायच्या. म्हणून मग कुणा शहाण्या म्हातारीनं रीत घालून दिली: धुण्याच्या शेवटच्या दिवशी दरेक घरानं एक बाई पुढे करायची, तिनं तीन चपटे दगड पाण्यावर टाकायचे. ज्या घराचा दगड सगळ्यांत जास्त टप्पे घेईल, त्या घराला पुढच्या जूनचा कातळ.

लहानपणी आपण सगळ्यांनीच पाण्यावर भाकऱ्या काढलेल्या असतात. पण मुनिरेचा दगड जायचा तो बघायला पुरुष बागेतून खाली यायचे. त्यात जोर कमी आणि नेमकेपणा जास्त असायचा. दगड पाण्यावर टेकताना त्याचं नाक किंचित वर हवं आणि शेपूट आधी लागायला हवी, म्हणजे तो पाण्याला खाली ढकलतो आणि पाणी त्याला वर ढकलतं. नाक फार वर झालं तर तिथेच उडून वेग मरतो. खाली पडलं तर थेट बुडी. आणि ते नाक दर टप्प्याला तसंच राहावं म्हणून दगडानं स्वतःभोवती गरगर फिरायला हवं. भोवरा फिरतो तोवर उभा, तसंच. ती गरगर देते पहिल्या बोटाची, म्हणजे तर्जनीची, शेवटची चाटती हालचाल. हे मी पुस्तकातून शिकलेले. मुनिरे एवढंच म्हणायची, "बोटाला कळतं."

आणि त्या बोटाच्या जोरावर फेहिमे अनाच्या घराकडे कातळ वर्षानुवर्षं राहिला. शेवटच्या दिवशी संध्याकाळी अना सगळ्यांसमोर मुनिरेचा हात हातात घेऊन म्हणायची, "हा आमच्या घराचा हात!" वर्षातून एकदाच. बाकीचे दिवस मीठ जास्त, चहा फिका, रोटी जाड.

मग जेमशितच्या धाकट्या भावाचं, बेदिरचं लग्न झालं आणि पेरिहान आली.

पेरिहान डोंगराकडच्या गावची, गोड्या ओढ्याकाठची. गालावर खळी, तोंडात सतत गाणं. पहिल्या जूनमध्ये तिनं बायकांबरोबर गमतीनं एक दगड उचलला, पाण्यात बुडवून ओला केला आणि भिरकावला. दगड हातातून साबणासारखा सटकला आणि पायाशीच डुबुक. बायका हसून लोळल्या. ओढ्याकाठची माणसं दगड ओला करतात, पकड बसते म्हणून. आमचं पाणी सोड्याचं. बोट ओलं झालं की बुळबुळीत. इथली पोरंही दगड आधी गुडघ्यावर पुसतात.

"सांगितलं का नाहीस तिला?" मी मुनिरेला विचारलं.

"तोंड आहे ना तिला? विचारू दे की," मुनिरे म्हणाली आणि तिनं लोकरीवर असं धोपाटणं घातलं की मी दोन पावलं मागे सरले.

पेरिहाननं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दगड झग्याला पुसला आणि टाकला. तो गेला. गेला, गेला, आणि पार लांब चिमणीएवढा होऊन पाण्यात विरला. कुणीतरी शिट्टी वाजवली. मी मुनिरेकडे पाहिलं. ओठ न उघडता ती टप्पे मोजत होती.

त्या दिवसापासून भिंतीपलीकडून मला पेरिहानची बित्तंबातमी मिळू लागली. ती पीठ मळताना डावा गुडघा कसा टेकते. चीजमध्ये रानलसूण घालताना देठं कशी फेकून देते, म्हणजे उधळीच. चहाचा पेला उचलताना करंगळी कशी वर करते, म्हणजे राजवाड्यातलीच. "अना म्हणते, पेरिहानच्या हाताला चव आहे. अगं, तिखट मी घातलेलं, मीठ मी घातलेलं, तिनं नुसतं ढवळलं! मग चव ढवळण्यात असते का, सांग तू, शिकलेली आहेस."

"मुनिरे, तू तिच्याकडे इतकं बघतेस कशाला?"

"मी कुठे बघते? दिसते ती! घरात ठेवलीय ना माझ्या डोळ्यांसमोर, वेलदोड्यासारखी!"

मत्सराइतकं बारकाईनं पाहणारं दुसरं काही मी आजवर पाहिलेलं नाही. बेदिर तिचा नवरा, पण तिच्या मानेवर तीळ आहे हे त्याला मुनिरेच्या टोमण्यातून कळलं असेल.

पुढच्या वसंतात, नदीला मासे चढायच्या दिवसांत, फेहिमे अनानं जेवताना जाहीर केलं, "यंदा दगड पेरिहान टाकेल."

हे मला मुनिरेनंच सांगितलं, शब्दाला शब्द.

"का?" मुनिरेनं विचारलं.

"तुझा खांदा दुखतो."

"माझा खांदा? कुणी सांगितलं?"

"रात्री कण्हतेस. भिंतीतून ऐकू येतं."

"तो जेमशित घोरतो, अना!"

जेमशितनं गव्हाच्या बुलगुराच्या ताटातून मान वर केली, दोघींकडे पाहिलं आणि परत घातली. पेरिहान म्हणाली, "अना, ताईंनाच टाकू द्या की, मी काय..." आणि मुनिरे मला म्हणाली, "बघितलंस? वर चांगुलपणा! वाईट असती तर मला किती सोपं गेलं असतं!"

त्याच महिन्यात बेदिरनं वानहून अंगठी आणली. त्याची मिनीबस रोज तिकडे जायची. चांदीची अंगठी, तिच्यावर डोळ्याचा निळा मणी, चांगला हरभऱ्याएवढा. दृष्ट लागू नये म्हणून. कुणाची, ते कुणी बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती. अंगठी सैल निघाली, म्हणून पेरिहाननं ती उजव्या हाताच्या पहिल्या बोटात घातली. मुनिरे दिसली की ती पोर हात मागे घ्यायची, आणि तेच जास्त दिसायचं.

मग जून आला आणि पेरिहानचे दगड बुडू लागले.

संध्याकाळी धुणं झालं की ती सराव करायची. तेच खांदे, तोच झोक, दगड चांगले निवडलेले, अंगठ्याला गुळगुळीत लागणारे. पण हातातून सुटताच दगड डगमगायचा, दुसऱ्या टप्प्याला कुशीवर पडायचा आणि खाली. पेरिहानचं गाणं बंद झालं. फेहिमे अनानं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी दृष्ट उतरवण्यासाठी शिसं वितळवायला घेतलं.

पेरिहानच्या डोक्यावर चादर धरली, वर पाण्याचं भांडं, आणि उकळतं शिसं त्यात सोडलं, चर्रर्र. थंड झालेलं शिसं अनानं तळहातावर घेतलं. काटेच काटे आणि मधोमध एक भोक.

"डोळा," अना म्हणाली. "एवढा मोठा मी जन्मात पाहिला नाही."

खोलीतल्या सगळ्या बायकांनी मुनिरेकडे न पाहण्याची एवढी काळजी घेतली की त्यापेक्षा सरळ पाहिलं असतं तर बरं झालं असतं. अनानं पेरिहानच्या वेणीत आणखी एक मणी बांधला आणि मुनिरेला म्हणाली, "पोरी, तुझ्या मनात नसेलही. पण शेवटच्या दिवशी तू पाण्याकडे पाठ करून उभी राहा. आमच्या समाधानासाठी."

मुनिरे "बरं" म्हणाली आणि घरातून निघून थेट माझ्याकडे आली. मी तिच्यापुढे चहा ठेवला. तिनं घेतला नाही.

"मास्तरीणबाई, दगड फिरतच नाहीये," ती म्हणाली.

"म्हणजे?"

तिनं माझ्या टेबलावरची बशी उचलली, पहिलं बोट कडेला लावलं. "दगड इथं बसतो, या खाचेत. सुटताना या बोटावरून घरंगळतो, तेव्हा फिरतो. तिची अंगठी सैल. हात वर गेला की मणी आत वळतो. दगड बोटावर बसतच नाही, मण्यावर टेकतो. ती फेकते आहे, फिरवत नाहीये. तीन दिवस बघतेय मी."

"अगं, मग सांग की तिला!"

"मी?" मुनिरे हसली, पण ते हसणं ओळखीचं नव्हतं. "मी जाऊन सांगू, बाई, तुझा दृष्टीचा मणी काढून ठेव म्हणून? मी? या डोळ्यांनी?"

मी चहा तिच्याकडे सरकवला.

"आणि खरं सांगू? सांगता आलं असतं ना, तरी मी सांगितलं नसतं. पडू दे. एकदा पडू दे सगळ्यांसमोर. मग कळेल अनाला, हात कुणाचा होता ते."

"आणि कातळ? चिखलात बसून लोकर कोण धुणार, तूच ना?"

तिनं बशी जागेवर ठेवली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी पेरिहानला सहज म्हणून पाहिलं, "अंगठी टोचत नाही का गं दगड टाकताना? काढून ठेवून बघ." तिनं घाबरून मूठ मिटली. "नको हो. आत्ता काढू? आत्ता तर जास्त गरज आहे!" अना मागून म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमच्या पुस्तकात दृष्ट नसते, ठाऊक आहे आम्हाला. चहा घ्या." मी चहा घेतला.

शेवटचा दिवस उजाडला. वारा दुपारनंतर सुटतो, म्हणून दगड नेहमी सकाळीच टाकतात. पाणी परातीसारखं सपाट होतं आणि मागे, गावाच्या वर, सुफान डोंगराचा बर्फ स्पष्ट दिसत होता. मुनिरे त्या डोंगराकडे तोंड करून, पाण्याकडे पाठ करून, सगळ्यांच्या मागे उभी होती. हाताची घडी. मी तिच्या शेजारी.

खरी चुरस वरच्या आळीतल्या दुर्दानेच्या घराशी होती. दुर्दाने स्वतः लठ्ठ बाई, पण मनगट जिवंत. तिचा तिसरा दगड छान गेला, बायकांनी मोठ्यानं आकडा म्हटला: नऊ. दुर्दाने कमरेवर हात ठेवून म्हणाली, "चला गं, पुढच्या वर्षी कातळावर गालिचा अंथरून बसते मी! फेहिमे अना, तुम्ही या पाहुण्या म्हणून, चिखल धुऊन या मात्र!"

पेरिहान पुढे आली. पहिला दगड. मुनिरेनं मान वळवली नाही, पण कान होतेच. टप. डुबुक.

"टाकला तसा गेला," ती डोंगराला म्हणाली.

दुसरा. टप, टप, आणि मग तो कुशीवर पडल्याचा ओला, चपटा आवाज. दुर्दानेच्या आळीतून हशा उठला. कुणी म्हणालं, "ओढ्याची मासळी, समुद्रात काय पोहणार!" फेहिमे अना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती आणि पेरिहानच्या दिशेनं फुंकर घालत होती.

मी मुनिरेकडे पाहिलं. जे तिला हवं होतं ते होत होतं. अगदी तिनं सांगितलं होतं तसं, सगळ्यांसमोर. तिच्या तोंडावर आनंद शोधून मला सापडला नाही. भरपूर मीठ पडलेला घास तोंडात असावा आणि थुंकायला जागा नसावी, तसा तिचा चेहरा.

"नऊ," ती म्हणाली. "दुर्दानेच्या नवावर माझा कातळ जाणार? ती दगड फेकते की उंबऱ्यातून कोंबडी हाकलते?"

आणि ती वळली.

बायकांमधून वाट काढत ती गेली तेव्हा सगळ्या बाजूला झाल्या, कढत पातेलं येतंय म्हटल्यावर होतात तशा. पेरिहान तिसरा दगड हातात घेऊन उभी होती, डोळे भरलेले.

"हात दे."

"ताई?"

"हात दे म्हणते ना!"

"मुनिरे!" फेहिमे अना किंचाळली. "तिच्याकडे बघू नकोस!"

"बघून झालंय, अना. आठवडाभर दुसरं काही बघितलेलंच नाही मी."

तिनं पेरिहानचं बोट धरलं आणि अंगठी ओढली. उन्हानं बोट फुगलेलं, एरवी सैल असलेली अंगठी सांध्याशी अडली. मुनिरेनं तिचा हात तसाच सरोवरात बुडवला. सोड्याच्या पाण्यात बोट गुळगुळीत झालं, अंगठी निसटून मुनिरेच्या मुठीत आली. किनाऱ्यावर "हाय अल्ला!" एवढाच आवाज. हिरव्या डोळ्यांच्या बाईनं, भर सकाळी, जावेच्या हातातला दृष्टीचा मणी उतरवला होता.

मुनिरेनं आपल्या ओढणीच्या टोकानं ते बोट पुसलं. खाचेखाचेतून, एखाद्या बाळाचं पुसावं तसं, पण बाळाशी कुणी इतकं रागानं वागत नाही. "मण्यावर टेकवत होतीस दगड. आता बोटावर बसव. सोडताना बोटानं चाटून जाऊ दे."

पेरिहाननं मान वर केली आणि लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच त्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"ताई, मी जिंकावं असं वाटतंय तुला?"

"नाही," मुनिरे म्हणाली. "मला कातळ हवाय."

पेरिहाननं बाहीनं डोळे पुसले. मग तिनं मान डोलावली. मुनिरेनं दुसरं काहीही उत्तर दिलं असतं तर त्या पोरीनं ते मानलं नसतं, असं मला अजूनही वाटतं.

तिनं दगड बोटात बसवला, एक पाय मागे घेतला, खाली वाकली आणि टाकला.

त्या दगडाला मी आयुष्यात विसरणार नाही. तो फिरत होता हे दिसत नव्हतं, इतका तो फिरत होता. पहिला टप्पा लांब, माणूस आडवा होईल एवढा. मग दुसरा, मग तिसरा, दर टप्प्याला थोडा वेग पाण्याला देऊन टाकत, पण नाक तसंच वर, तसंच ताठ. बायका आकडे म्हणत होत्या, नवाच्या पुढे गेल्यावर त्या ओरडूच लागल्या आणि आकडे चुकले. शेवटी टप्पे इतके जवळ आले की ते टप्पे राहिलेच नाहीत. पाण्यावर कुणी बारीक धावदोरा घालत जावा तसा तो गेला, आणि न उसळता, न आवाज करता, आत.

दुर्दाने म्हणाली, "शिंचा दगड की बदक!" आणि कमरेवरचे हात खाली आले.

नंतरचा गोंधळ विचारू नका. पेरिहानला बायकांनी उचललंच. फेहिमे अना रडत हसत सगळ्यांना सांगत होती, "बघितलंत? शिसं उशिरा लागतं, पण लागतं! मी म्हटलं नव्हतं?" तिनं पेरिहानचा हात वर धरला. "हा आमच्या घराचा हात!" पेरिहान तिला काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती, "अना, ताईंनी, अंगठी..." पण त्या आवाजात तिचं कोण ऐकणार.

मुनिरे लोकरीच्या ढिगापाशी जाऊन पिळायला बसली होती. मी जवळ गेले.

"छान केलंस," मी म्हटलं.

"गप्प बस." तिनं लोकर पिळली, पाणी तिच्या पायांवर पडलं. "पाहिलास शेवट? धावदोरा. माझा असा कधी गेला नव्हता. चांगले गेले, पण असा नाही. मला वाटायचं माझ्यापेक्षा चांगला जाऊच शकत नाही, म्हणून मी खूश होते इतकी वर्षं." तिनं ओल्या मनगटानं नाक पुसलं. "जळतंय गं इथं. अंगठी काढली तर थांबेल वाटलं होतं. उलट वाढलं."

मी लोकरीचं दुसरं टोक धरून पिळू लागले. अशा वेळी शहाणपणा सुचणारी माणसं मला आवडत नाहीत.

थोड्या वेळानं पेरिहान आली. केस सुटलेले, बायकांनी ओढून ओढून. मुनिरेनं न बघता मूठ उघडली. तळहातावर अंगठी होती. पेरिहाननं ती घेतली, डाव्या हाताच्या बोटात घातली आणि तिथंच पाण्याच्या कडेला बसली.

"अनाला सांगितलं मी. ऐकत नाही."

"सांगू नकोस. म्हातारीचं शिसं वाया जाईल."

"ताई, बाकीच्या सगळ्या नुसतं माशाल्ला म्हणतात. दगड बुडाला तरी माशाल्ला, तरला तरी माशाल्ला. चुकतं कुठं ते कुणी सांगत नाही. कुणाला दिसतच नाही." तिनं बोटातली अंगठी फिरवली. "तुला दिसतं. बघशील माझ्याकडे? टाकताना?"

मुनिरेनं हातातली लोकर खाली ठेवली. मला वाटलं आता ती उठून जाईल.

"खांदा आधी उघडतेस," मुनिरे म्हणाली.

"हो?"

"हो म्हणजे! कमरेच्या आधी खांदा, मग हात एकटाच पळतो. डावा पाय खड्यांवर ठेवतेस, तो घसरतो, ते लपवायला तू हसतेस. दगड निवडताना रंग बघतेस, कडा बघत नाहीस. आणि सोडायच्या आधी अनाकडे बघतेस. अनाकडे काय आहे? पाण्याकडे बघावं." एकदा सुरू झाल्यावर ती थांबेना. पीठ मळतानाचा गुडघा आला, रानलसणाची देठं आली, करंगळी आली. वर्षभराचं जेवढं साचलं होतं तेवढं सगळं आलं. पेरिहान मध्येच लाल होत होती, मध्येच हसू दाबत होती, पण उठली नाही. देठांच्या बाबतीत मात्र म्हणाली, "देठं कडू असतात, ताई." "आमच्याकडची नसतात!"

अना वरून हाका मारत होती, चहा झाल्याचं सांगत होती. दोघी गेल्या नाहीत. पेरिहाननं खड्यांत हात घालून एक दगड शोधला, या वेळी कडेवरून बोट फिरवून, आणि उभी राहिली. वारा सुटायला लागला होता, पाण्यावर बारीक सुरकुत्या होत्या. मुनिरे तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, कमरेवर हात, आणि तिनं ते हिरवे डोळे तिच्यावर असे रोखले की मीच एक पाऊल मागे सरले.

पेरिहाननं टाकला. सुरकुत्यांवरून सुद्धा तो चांगला गेला, मला तर फारच चांगला वाटला.

"वाईट," मुनिरे म्हणाली. "पुन्हा टाक."